आवाजाचं माप आणि उच्चाराचं माप

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत मी अकरावीच्या इतिहासाचं पुस्तक मोठ्याने वाचून रेकॉर्ड करायला घेतलं. आमच्या उर्दू शाळेतून दहावी झालेली माझी एक विद्यार्थिनी आता मराठी माध्यमातून कला शाखेला आहे. नववीत असताना तिची नजर अधू व्हायला लागली. आता छापलेलं अक्षर तिला दिसत नाही. तिची अम्मी घरी आली आणि म्हणाली, "सर, मोबाइल पढ को सुनाता, पन इसकू समझ में नै आता. तुमीच पढ को देव ना."

मी वीस वर्षं उर्दू आणि मराठी शिकवतो. मोठ्याने वाचणं हा माझा रोजचा धंदा. म्हटलं, यात काय अवघड आहे? घराच्या पुढच्या खोलीत मोबाइल टेबलावर ठेवला, डोक्यावर पंखा सुरू होता, आणि तीन प्रकरणं वाचून व्हॉट्सॲपवर पाठवून दिली. त्याच सुमारास अंध विद्यार्थ्यांसाठी मराठी पुस्तकं रेकॉर्ड करणाऱ्या एका ऑडिओ प्रकल्पाचं आवाहन पाहिलं होतं. त्यांना निवेदक हवे होते. त्यातलंच एक प्रकरण नमुना म्हणून त्यांनाही पाठवलं.

मुलीचा निरोप दोन दिवसांत आला. "सर, आवाज कधी मोठा होतो, कधी बारीक. मी दुप्पट वेगाने ऐकते. त्या वेगात पंखा आणि तुमचे शब्द एकमेकांत मिसळतात." ज्यांना दिसत नाही त्यांच्यापैकी अनेक जण असंच वेग वाढवून ऐकतात, हे मला तोवर माहीत नव्हतं. आपण डोळ्यांनी भरभर वाचतो, तसं ते कानांनी भरभर वाचतात.

प्रकल्पाचं उत्तर आठवड्याने आलं. त्यात दोन ओळी होत्या. पहिली ओळ : आवाजाची पातळी कमी आहे आणि पार्श्वभूमीचा गोंगाट मर्यादेपेक्षा जास्त आहे. दुसरी ओळ : उच्चार मराठी श्रोत्यांना काहीसे परके वाटू शकतात.

मला राग आला. खरं सांगायचं तर दुसरी ओळ वाचल्यावर मी पहिली ओळ वाचलीच नाही. वाचली असेल, पण डोक्यात शिरली नाही. आपल्या समाजात हे बऱ्याचदा होतं. नकार आला की कारण आपल्याला आधीच ठाऊक असतं. मित्रांना फोन करून मी दोन दिवस तेच सांगत होतो की, नाव बघितलं आणि फाइल परत पाठवली. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की त्या मुलीची तक्रार आणि प्रकल्पाची पहिली ओळ एकच आहे. तिने तर नाव बघून तक्रार केली नव्हती.

म्हणून आधी पहिल्या ओळीबद्दल लिहितो, मग दुसरीबद्दल.

तीन आकडे

आवाज तपासायला आणि कापायला-जोडायला 'ऑडॅसिटी' नावाचं सॉफ्टवेअर आहे. ते फुकट मिळतं. २००० साली ते लोकांसाठी खुलं झालं. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात रॉजर डॅननबर्ग आणि डॉमिनिक मॅझोनी यांनी त्याची सुरुवात केली होती. शाळेतल्या जुन्या लॅपटॉपवरही ते चालतं. त्यात 'एसीएक्स चेक' नावाची एक छोटी जोडणी टाकता येते. एसीएक्स म्हणजे ऑडिबल या कंपनीची ऑडिओबुकं तयार करून घेण्याची २०११ साली सुरू झालेली बाजारपेठ. तिथे फाइल द्यायची तर काही अटी पाळाव्या लागतात. नरसीतल्या माणसाचा त्या बाजारपेठेशी संबंध नाही, पण त्या अटी आता जगभरचे हौशी निवेदक मोजपट्टीसारख्या वापरतात. मीही वापरल्या.

मुख्य आकडे तीन आहेत. आवाजाची सरासरी पातळी उणे २३ ते उणे १८ डेसिबलच्या मध्ये हवी. सगळ्यात मोठा आवाज उणे ३ डेसिबलच्या वर जाता कामा नये. आणि कुणी काहीच बोलत नसताना खोलीत जो आवाज उरतो, तो उणे ६० डेसिबल किंवा त्याहून खाली हवा.

'उणे' शब्दाने घाबरू नका. यंत्रात शून्य म्हणजे वरचं छत. त्याच्या पलीकडे आवाज गेला की तो फाटतो. बाकी सगळं त्या छतापासून किती खाली आहे ते मोजायचं. उणे २० म्हणजे छताच्या एक दशांश उंची, उणे ६० म्हणजे एक हजारांश. म्हणजे बोलणारा उणे २० वर आणि खोली उणे ६० वर असेल, तर माणसाचा आवाज खोलीच्या आवाजाच्या शंभर पट. दुप्पट वेगाने ऐकणाऱ्या मुलीला हा शंभर पटीचा फरक हवा असतो. एवढं कळल्यावर हे आकडे मला परदेशी कंपनीची कटकट वाटेनासे झाले. ते ऐकणाऱ्याच्या हक्काचे आकडे आहेत.

मी माझी फाइल तपासायला लावली. आवाज उणे ३२, खोली उणे ५६. दोन्हींत नापास. म्हटलं, आवाज बारा डेसिबलने वाढवू, उणे २० होईल. झालाही. पण खोलीसुद्धा बारानेच वाढली आणि उणे ४४ वर आली. गोंगाट आणि शब्द एकाच डब्यात बंद झाले की पुढे काहीही वाढवा, दोन्ही वाढतात. वर्गात मागच्या बाकावरच्या मुलाला ऐकू येत नाही म्हणून आपण ओरडतो, मग सगळा वर्ग ओरडतो, तसलं काहीतरी.

उपाय सॉफ्टवेअरमध्ये नव्हता, खोलीत होता. माइक हातभर अंतरावर होता, तो वीतभर अंतरावर आणला. अंतर निम्मं झालं की आवाज साधारण सहा डेसिबलने वाढतो, आणि खोलीचा आवाज आहे तिथेच राहतो. वीतभराहून जवळ गेलो तर 'प' आणि 'फ' म्हणताना तोंडातली हवा माइकवर आपटते, म्हणून माइक थोडा तिरका धरला. पंखा बंद केला. आमच्या खोलीच्या भिंती मोकळ्या, वर पत्रे. आवाज घुमायचा. बायकोने आणि आईने जुन्या लुगड्यांच्या गोधड्या काढून दिल्या. दोन दोरीवर टांगल्या, एक टेबलावर अंथरली, एक माझ्या पाठीमागे. घुमणं गेलं.

राहिला प्रश्न गावाचा.

नरसीची शांतता

ज्यांनी आमचं गाव पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. नरसी हे हिंगोली जिल्ह्यात कयाधू नदीकाठचं गाव. संत नामदेवांचं जन्मगाव म्हणून लोक इथे येतात, म्हणून गावाचं नावही नरसी नामदेव. एकादशीला गर्दी, सप्ताह असला की लाउडस्पीकर, दिवसातून पाच वेळा अजान, एसटीचा हॉर्न, बोअरची मोटर, शेजारच्या घरातली टीव्हीवरची मालिका, आणि पत्र्यावर कबुतरं. उणे ६० ही पातळी इथे कधी मिळते?

मी आठवडाभर वही घेऊन नोंदी केल्या. पहाटे फजरच्या नमाजनंतर अर्धा तास बरा मिळतो, मग पक्षी सुरू होतात. रात्री साडेअकरानंतर कुत्री. सगळ्यात चांगली वेळ सापडली ती लोडशेडिंगची. लाइट गेली की पंखे, मोटारी, फ्रिज, टीव्ही, लाउडस्पीकर सगळं एकदम बंद पडतं. भिंतीतल्या तारांमुळे रेकॉर्डिंगमध्ये जी पन्नास हर्ट्झची बारीक गुणगुण येते, तीसुद्धा जाते. लॅपटॉप बॅटरीवर चालतो. ज्या लोडशेडिंगला आम्ही इतकी वर्षं शिव्या घातल्या, तिच्याच वेळापत्रकावर माझं इतिहासाचं पुस्तक रेकॉर्ड झालं. पहिल्यांदा एसीएक्स चेकने तिन्ही आकड्यांपुढे 'पास' लिहिलं, तेव्हा खोलीत अंधार होता आणि मी घामाने भिजलो होतो. आवाज उणे २०.४, सगळ्यात मोठा उणे ३.५, खोली उणे ६२.

मधल्या काळात एक चूक केली, ती इतरांनी करू नये म्हणून सांगतो. ऑडॅसिटीत गोंगाट कमी करण्याची सोय आहे. शांत भागाचा एक तुकडा निवडून यंत्राला दाखवायचा की हा गोंगाट, आणि मग यंत्र सगळ्या फाइलमधून त्या जातीचा आवाज काढून टाकतं. मी ते जोरात लावलं. आकडे झकास आले. पण ऐकलं तर माझा आवाज हंड्यातून आल्यासारखा, आणि शब्दांच्या कडा झिजलेल्या. 'स', 'श', 'ख' यांच्यातला श्वासाचा भाग गेला होता. 'शासन'मधला 'श' अर्धा राहिला होता. उर्दूतला ख़े आणि ग़ैन तर जवळजवळ पुसलेच गेले. याचं कारण साधं आहे. हे वर्ण मुळात हवेच्या घर्षणाचे आहेत, आणि यंत्राला हवेचा आवाज आणि पंख्याचा आवाज यांतला फरक फार कळत नाही. गोंगाट म्हणून काय काढायचं हे ठरवताना हात हलका ठेवावा लागतो. आता मी खोलीच शांत करतो आणि ते बटण शेवटी, अगदी थोडं वापरतो. त्याशिवाय तीनच गोष्टी करतो : बोलण्याच्या खालची घरघर कापायची, सरासरी उणे २० ला आणायची, आणि वरचं टोक उणे ३.५ ला अडवायचं. बाकी आपण नीट वाचायचं.

हे सगळं शिकायला मला तीन आठवडे लागले. खर्च जवळजवळ शून्य, एक साधा कॉलर माइक तेवढा घेतला. माझ्या मुलीने मोबाइलवर दाखवलं, मी शिकलो. पहिली ओळ अशी निकालात निघाली.

दुसरी ओळ

मग त्या प्रकल्पाला पुन्हा लिहिलं. दुरुस्त केलेली फाइल जोडली आणि विचारलं की, माझे कोणते उच्चार परके वाटले? कोणता शब्द, कितव्या मिनिटाला? मला सांगा, मी पुन्हा वाचतो. उत्तर आलं नाही. एक महिन्याने पुन्हा विचारलं. तेव्हाही आलं नाही.

दुसरी ओळ त्यांनी नाव वाचून लिहिली की आवाज ऐकून, हे मला ठरवता येत नाही. आणि माझी तक्रार नेमकी हीच आहे. पहिल्या ओळीला आकडा होता. तो मला सांगता येत होता, मोजता येत होता, सुधारता येत होता. यंत्राने माझं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, घरात कोणती भाषा बोलता तेही विचारलं नाही. उणे ५६ ला नापास केलं आणि उणे ६२ ला पास केलं. मुंबईतल्या काचेच्या स्टुडिओला जो नियम, तोच माझ्या गोधड्यांच्या खोलीला. दुसऱ्या ओळीला आकडा नाही, यादी नाही, मिनिट नाही. ती सुधारायची कशी?

"तुम्ही मराठी किती छान बोलता!" हे वाक्य ऐकलं नाही असा मराठी मुसलमान विरळा. बोलणाऱ्याच्या मनात वाईट नसतं. पण ज्याची मातीच मराठीची आहे, त्याला ही शाबासकी परीक्षेचा निकाल वाटते. कसली परीक्षा, पेपर कधी झाला, कुणी तपासला, हे माहीत नसतं. १९९० साली सोलापुरात पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं, त्यालाही आता पस्तीस वर्षं झाली. आपली माणसं मराठीत कथा, कविता, वैचारिक लेखन करतात. कागदावर उच्चार दिसत नाही. ऑडिओबुकात तो ऐकू येतो. २०१७ साली स्टोरीटेलसारखी परदेशी कंपनी मराठी ऑडिओबुकं घेऊन भारतात आली. तेव्हापासून मराठी पुस्तक 'ऐकणं' ही नेहमीची गोष्ट झाली आहे. आता आपल्याला पानावर जागा मिळण्याबरोबर कानातही जागा मिळते का, हा प्रश्न आहे.

इथे दोन्ही बाजूंनी हरकत येईल, आणि दोन्हींना मी उत्तर देणं लागतो.

पहिली हरकत मराठीचे शिक्षक घेतील. मी स्वतः तोच आहे. ते म्हणतील, मग काय, कसंही वाचलं तरी चालेल? नाही. कसंही चालणार नाही. दखनी बोलणाऱ्या आमच्या मुलांना 'ळ' आणि 'ण' जड जातात. ते घरच्या बोलीत नाहीतच. मुलं 'बाळ'ला 'बाल' म्हणतात, 'वेळ'ला 'वेल', 'काळ'ला 'काल', 'मण'ला 'मन'. यात अर्थ बदलतो. जिला पान दिसत नाही, ती मुलगी संदर्भाने किती वेळा सावरून घेणार? हे मी वर्गात खपवून घेत नाही आणि रेकॉर्डिंगमध्येही घेणार नाही. अर्थ बदलणारा उच्चार ही चूक आहे.

पण अर्थ न बदलणारा वेगळेपणा ही चूक नाही. मराठीत 'च', 'ज', 'झ' यांचे दोन दोन उच्चार आहेत आणि लिपी ते दाखवत नाही. 'माझा'मधला 'झ' दातांशी, 'माझी'मधला टाळूशी. जन्मापासून मराठी ऐकणाऱ्याला ते आपोआप येतं, पुस्तकावरून शिकणाऱ्याला कुणीतरी सांगावं लागतं. आता गंमत बघा. 'बाजार', 'जोर' हे शब्द फारसीतून मराठीत आले, मूळच्या ज़े अक्षरासह. मराठीने त्यांना आपला दंत्य 'ज' दिला. मी 'बाज़ार' म्हणतो तेव्हा तो परका उच्चार होतो का? तो त्या शब्दाच्या आजोबांचा उच्चार आहे. १९४८ पर्यंत इथे निजामाचं राज्य होतं आणि कचेरीचं काम उर्दूत चालायचं. आमच्या भागातले जुने हिंदू पाटील-पटवारीही 'ज़मीन' आणि 'काग़ज़' नीट म्हणायचे. आमच्या लहानपणी असे म्हातारे पारावर बसलेले आम्ही ऐकले आहेत. त्यांची मराठी परकी आहे असं कुणी म्हटल्याचं मला आठवत नाही.

आणि 'परका' म्हणजे कुणाला परका? वाशीमची मराठी वेगळी, आमची वेगळी, कोल्हापूरची वेगळी, मालवणची तर आणखी वेगळी. सगळ्यांनी एकाच शहरातल्या काही घरांसारखं बोलायचं, असं ठरलेलं माप कुठे लिहून ठेवलंय ते दाखवा, मी ते वर्गात भिंतीवर लावतो.

जगात ही भांडणं होऊन गेली आहेत. १९४१ मध्ये बीबीसीने विल्फ्रेड पिकल्स या यॉर्कशरच्या माणसाला देशभरच्या बातम्या वाचायला बसवलं. त्याचा उत्तरेकडचा हेल ऐकून तक्रारी आल्या, बातम्या खऱ्या वाटत नाहीत असं लोक म्हणाले. आज त्याच बीबीसीवर नाना तऱ्हेचं इंग्रजी ऐकू येतं आणि बातम्या खऱ्याच वाटतात. २००५ मध्ये ह्यू मॅग्वायर यांनी माँट्रियलमधून 'लिब्रिवॉक्स' सुरू केलं. स्वामित्वहक्क संपलेली पुस्तकं जगभरचे स्वयंसेवक तिथे फुकट वाचून देतात. तिथेही तांत्रिक माप आहे आणि ते कडक आहे. आवाजाची पातळी ८९ डेसिबलच्या आसपास, एमपी३ ची प्रत ठरलेली, शेवटी पाच सेकंदांची शांतता. एक माणूस वाचतो, दुसरा पुस्तकाशी ताडून ऐकतो, सुटलेला शब्द आणि चुकलेलं वाक्य मिनिट-सेकंदासह कळवतो. पण वाचणाऱ्याचा हेल, त्याची ढब यावर शेरा मारायचा नाही, अशी तिथली रीत आहे. म्हणजे दोन्ही करता येतं. आवाजाच्या दर्जाला कडक आणि माणसाला मोकळं.

दुसरी हरकत आपल्या लोकांची आहे. ते म्हणतील, हे आकडेही काही सगळ्यांना सारखे नाहीत. ज्याच्याकडे स्टुडिओ आहे त्याला उणे ६० बसल्या जागी मिळतं, आपण रस्त्यावरच्या पत्र्याच्या घरात राहणार. हे खरं आहे. मी लाइट जाण्याची वाट बघत बसलो, पुण्याच्या निवेदकाला ते करावं लागत नाही. पण हा फरक गोधडीने भरून निघतो. नावाचा फरक कशाने भरणार? म्हणून मी आपल्या मुलांना सांगतो, जे माप लिहिलेलं आहे ते आधी पार करा, तक्रार नंतर. उणे ५६ ची फाइल पाठवून भेदभावाची ओरड केली तर समोरच्याला पहिली ओळ दाखवायची सोय होते आणि दुसरी ओळ तशीच झाकली जाते. माझ्या बाबतीत तेच होणार होतं.

हे आत्ताच का करायचं

काहींना वाटेल, एवढ्या खटाटोपाची गरज काय, आता तर यंत्रच वाचून दाखवतं. तांत्रिक मापात यंत्राचा आवाज पहिल्या झटक्यात पास होतो, कारण त्याच्यामागे खोलीच नसते. पण यंत्र बोलायला शिकतं ते माणसांच्या रेकॉर्डिंगवरून. ज्यांचे आवाज साठ्यात आहेत, त्यांच्यासारखं ते बोलतं, आणि त्यांचंच बोलणं त्याला नीट कळतं. उद्या बँकेचा, दवाखान्याचा, सरकारी योजनेचा फोन यंत्र उचलेल तेव्हा आमच्या अम्मीची मराठी त्याला समजली नाही तर ते म्हणेल, कृपया पुन्हा बोला. ती पुन्हा बोलेल. मग फोन ठेवून देईल. प्रकल्पाच्या पत्रातली दुसरी ओळ तेव्हा कुणी लिहिणारही नाही, ती यंत्रातच बसलेली असेल.

यावर उपाय आपल्या हातात आहे. मोझिलाच्या 'कॉमन व्हॉइस'मध्ये मराठी आहे, कुणीही चार वाक्यं वाचून देऊ शकतो. केंद्र सरकारच्या 'भाषिणी'त 'भाषादान' आहे. अंध विद्यार्थ्यांसाठी वाचायचं असेल तर कायद्याची अडचण नाही. २०१२ च्या दुरुस्तीनंतर स्वामित्वहक्क कायद्यानेच नफा न घेता अशी प्रत करायला मोकळीक दिली आहे. अपंगांना पुस्तकं मिळावीत म्हणून २०१३ साली माराकेश करार झाला. त्याला मान्यता देणारा पहिला देश भारत होता, २०१४ मध्ये. २०१६ पासून 'सुगम्य पुस्तकालय' हे ऑनलाइन ग्रंथालय आहे. दारं आहेत. आपण आत जात नाही.

आणि जे प्रकल्प चालवतात त्यांना माझी एवढीच विनंती आहे की, उच्चाराचंही माप लिहून ठेवा. मी माझ्यापुरतं लिहिलं आहे, चार कलमं आहेत. पुस्तकातला एकही शब्द गाळायचा नाही, आपला घालायचा नाही. अर्थ बदलणारे वर्ण, म्हणजे ल-ळ, न-ण, ऱ्हस्व-दीर्घ, स्पष्ट हवेत. माणसांची आणि गावांची नावं माहीत नसतील तर विचारून वाचायची. आणि नापास करायचं असेल तर शब्द आणि मिनिट सांगायचं. यापलीकडे जे उरतं, तो वाचणाऱ्याचा आवाज आहे. त्यात कुणी हात घालू नये. यात काही सुटलं असेल तर सांगा, पाचवं कलम जोडतो.

२०२० च्या कायद्याने महाराष्ट्रातल्या सगळ्या माध्यमांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली. चांगलं झालं, मी तीच शिकवतो. पण शिकून तयार झालेल्या मुलाने तोंड उघडल्यावर त्याला 'परका' म्हणायचं असेल तर मग शिकवायचं कशासाठी? नामदेवांच्या नावाची एकसष्ट पदं शिखांच्या गुरू ग्रंथ साहिबात आहेत. पंजाबी माणसं ती शतकानुशतकं आपल्या जिभेने गातात. त्यांचा उच्चार नरसीसारखा नाही म्हणून इथून कुणी परत पाठवली नाहीत. उलट २०१५ मध्ये मराठी साहित्य संमेलन पंजाबात घुमानला भरलं, आणि सगळ्या महाराष्ट्राला त्याचा अभिमान वाटला.

इतिहासाचं पुस्तक जानेवारीत पूर्ण झालं. मुलगी आता माझ्या फाइली तपासते. ती बसून ऐकते, बाजूला तिची धाकटी बहीण पुस्तक उघडून बसते. पहिल्याच आठवड्यात निरोप आला, "सर, तिसरं प्रकरण, अकरा मिनिटं वीस सेकंद. तुम्ही 'काळात'ला 'कालात' वाचलंय." मी ऐकलं. खरंच वाचलं होतं. वीस वर्षं दुसऱ्यांचा 'ळ' तपासतोय आणि स्वतःचा घसरला. शब्द सांगितला, मिनिट सांगितलं, म्हणून दहा मिनिटांत दुरुस्त झाला.

आता राज्यशास्त्र घेतलं आहे. एकट्याने होणार नाही. आसपासच्या कुणाला वाचायचं असेल तर दुपारी, लाइट गेल्यावर या. गोधड्या टांगलेल्याच आहेत.